कारखान्याला कुलूप, पण किल्ली कोणाकडे?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील कारखान्यांना आम्ही कामगारांच्या गणवेशाचे कापड, हातमोजे आणि मशीन पुसण्याच्या चिंध्या पुरवतो. कापडाचा व्यापारी राउटर आणि फायरवॉल या विषयावर लेखणी का चालवतो, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पूर्वी ऑर्डर स्टोअरकीपरच्या चिठ्ठीवर येत असे. आता ती कंपनीच्या पोर्टलवर येते. माल गेटवर पोहोचल्याची नोंदही तेथेच होते. नोंद झाली नाही तर टेम्पो रस्त्यावर उभा राहतो आणि बिल पुढे सरकत नाही. म्हणजे कारखान्याचे नेटवर्क बंद पडले की आमच्यासारख्या पुरवठादाराचा पैसा आधी अडकतो. ज्या यंत्रावर आपली उधारी अवलंबून आहे त्याची देखभाल कोण करतो, हे विचारण्याचा हक्क व्यापाऱ्याला आहे.

भोसरीतील सहा-सात मशीनच्या शेडमध्येही आज भिंतीवर एक लोखंडी पेटी टांगलेली दिसते. तिच्यात राउटर, स्विच, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारा डबा आणि खाली यूपीएस. सीएनसी मशीनला प्रोग्राम तिथूनच जातो, हजेरीचे अंगठ्याचे यंत्र आणि टॅलीचा कॉम्प्युटरही तिलाच जोडलेला. ही पेटी बिघडली तर ती दुरुस्त करणारा माणूस आता बहुधा येत नाही. तो पुण्यात किंवा बंगळुरूत बसून, आणि मशीन जर्मनीची असेल तर जर्मनीत बसून, इंटरनेटवरून आत शिरतो आणि जमल्यास तिथूनच दुरुस्ती करतो. आमचा याला विरोध नाही. नाशिक फाट्यावरून चाकणला जाणारा रस्ता ज्याने संध्याकाळी पाहिला आहे, त्याला मेकॅनिकची वाट पाहण्याची किंमत सांगावी लागत नाही. मशीन उभी राहिली तर पगार थांबत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. दुरुस्तीसाठी उघडलेला हा दरवाजा नंतर कोणी बंद करत नाही.

आमच्या पाहण्यात असलेल्या बहुतेक छोट्या कारखान्यांत हीच स्थिती आहे. राउटर बसवणाऱ्या मुलाने बाहेरून आत येण्याची वाट कायमची मोकळी ठेवलेली असते, कारण त्याचे येणे-जाणे वाचते. पासवर्ड कंपनीतून आला तोच, किंवा दुकानाचे नाव आणि पुढे १२३. तोच पासवर्ड त्या मुलाच्या पन्नास गिऱ्हाइकांकडे. मुलगा नोकरी सोडून दुसरीकडे जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुरून चालवण्याचे सॉफ्टवेअर रात्रंदिवस चालू. मालकाला विचारा, आत्ता या क्षणी तुमच्या यंत्रात बाहेरून किती जण येऊ शकतात? त्याला सांगता येत नाही. हाच मालक रात्री शटरला दोन कुलपे लावतो आणि किल्ली घरी उशाखाली ठेवतो.

कोणी म्हणेल, आमच्या गल्लीतल्या शेडचा पत्ता अमेरिकेतल्या किंवा रशियातल्या चोराला कसा कळणार? त्याला पत्ता शोधावाच लागत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी असे साधन तयार केले की एका साध्या कॉम्प्युटरवरून संपूर्ण इंटरनेटचे सर्व जुने पत्ते पाऊण तासात तपासता येतात. प्रत्येक दाराची कडी हलवून पाहायची आणि जे उघडे सापडेल त्याची यादी करायची. आत बँक आहे की चिंध्यांचे गोदाम, ते नंतर पाहायचे.

आपल्याच शहराचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. २७ सर्व्हरमधील माहिती कुलूपबंद झाली, ती सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले आणि मार्चमध्ये निगडी पोलिसांत फिर्याद दाखल झाली. फिर्यादीत नुकसानीचा आकडा पाच कोटी रुपयांचा होता. त्या वेळी नुकसान कोणाचे, महापालिकेचे की कंत्राटदाराचे, यावर बरीच चर्चा झाली. उद्योजकांनी मात्र त्यातून वेगळा अर्थ घ्यायला हवा होता. ज्या प्रकल्पामागे महापालिका आहे, मोठी आयटी कंपनी आहे, पगारी तज्ज्ञ आहेत, तेथे हे होऊ शकते, तर ज्याचा नेटवाला महिन्यातून एकदा फोन उचलतो त्याचे काय?

परंतु आमच्या वाचकांशी, म्हणजे छोट्या जॉबवर्कवाल्यांशी आणि पुरवठादारांशी, सर्वांत जवळची गोष्ट जपानमधली आहे. टोयोटाला प्लास्टिकचे आणि इतर सुटे भाग पुरवणारी कोजिमा इंडस्ट्रीज नावाची कंपनी आहे. २६ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, शनिवारी, तिच्या सर्व्हरमध्ये बिघाड दिसला. पाहतात तर खंडणीची चिठ्ठी. कंपनीने स्वतःची यंत्रणा बंद केली आणि टोयोटाशी असलेला ऑर्डरचा व्यवहार तुटला. टोयोटाकडे सुट्या भागांचा साठा ठेवण्याची पद्धत नाही, हवा तेव्हा हवा तेवढा माल येतो. चाकणच्या कंपन्यांनी तीच पद्धत उचलली आहे. परिणाम असा की १ मार्च २०२२ रोजी टोयोटाला जपानमधील आपले सर्व १४ कारखाने, त्यांतील २८ लाइनी, एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. सुमारे १३ हजार गाड्यांचे उत्पादन थांबले.

चोर आत आला कोठून? टोयोटातून नाही, कोजिमाच्या मुख्य कार्यालयातूनही नाही. कोजिमाच्या एका उपकंपनीने बाहेरच्या एका ठरावीक कंपनीशी संपर्कासाठी दूरसंपर्काचे एक यंत्र स्वतःच बसवले होते. त्या यंत्रात त्रुटी होती. तिथून उपकंपनीत, उपकंपनीतून कोजिमात. दूरच्या माणसाला आत घेण्यासाठी बसवलेली एक पेटी, आणि तिच्यापायी जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी एक दिवस बंद.

भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे येथे अशा किती पेट्या असतील याची कल्पना करावी. फरक एवढाच की कोजिमाला टोयोटाने सांभाळून घेतले. आपल्याकडे पाच मशीनच्या शेडमुळे एखाद्या मोठ्या कंपनीची लाइन थांबली तर दुसऱ्या दिवशी त्याचा वेंडर कोड चालू राहील का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

उलट्या दिशेनेही हा तडाखा बसतो. टाटा मोटर्सने २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरवर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सायबर हल्ला झाला. १ सप्टेंबरपासून ब्रिटनमधील कारखाने थांबले, ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने सुरू झाले. ब्रिटनमधील सायबर मॉनिटरिंग सेंटरने नुकसानीचा अंदाज १९० कोटी पौंड आणि झळ बसलेल्या संस्थांची संख्या पाच हजारांहून अधिक सांगितली. त्यांत सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार मोठ्या संख्येने होते. तेथील सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली, ती मुख्यतः पुरवठादारांना पैसे मिळावेत म्हणून. आपल्या पट्ट्यात असे झाले तर हातावर पोट असलेल्या कारागिराला पाच आठवडे कोण उधार देणार? किराणावाला फार तर पंधरा दिवस थांबतो.

आता उपायाकडे वळू. जुन्या वाड्यांना देवडी असे. बाहेरचा माणूस सरळ माजघरात जात नसे. देवडीवर थांबायचे, नाव सांगायचे, आतून परवानगी आली की पुढे जायचे, आणि देवडीवरच्या माणसाला ठाऊक असे की कोण कधी आत गेला आणि कधी बाहेर पडला. नेटवर्कच्या सुरक्षित दूरसंपर्काची सारी मांडणी हीच आहे. बाहेरून येणारा मशीनपर्यंत थेट पोहोचता कामा नये. त्याने आधी एका मधल्या कॉम्प्युटरवर यावे. तेथे त्याचे स्वतःचे नाव आणि पासवर्ड असावा, सर्वांचा मिळून एक ‘अॅडमिन’ नव्हे. पासवर्डवर मोबाइलचा ओटीपी असावा. काम दोन तासांचे तर दार दोन तास उघडावे, मग आपोआप बंद व्हावे. तो आत असताना काय केले याची नोंद राहावी. आणि जो बॉयलरच्या पॅनेलसाठी आला त्याला फक्त बॉयलरचे पॅनेल दिसावे, टॅली दिसण्याचे कारण नाही.

जुन्या यंत्रांत दुरून बोलण्यासाठी टेलनेट नावाची पद्धत असे. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू यलोनेन या संशोधकाने एसएसएच ही बंद पाकिटाची पद्धत काढली. तीस वर्षे झाली तरी काही पेट्यांत टेलनेट चालूच आहे. ते बंद करायला पैसा लागत नाही, नेटवाल्याला खुर्चीत बसवून समोर करून घ्यायचे.

आणखी एक गोष्ट. मुख्य लाइन तुटली तर दुरुस्ती करणारा आत येणार कसा? चाकणला रस्त्याचे खोदकाम सुरू झाले की केबल तुटतेच. त्यासाठी वेगळ्या कंपनीच्या सिमकार्डावर चालणारा छोटा मोडेम मागच्या दारासारखा ठेवतात. सोय चांगली आहे, पण मागच्या दारालाही देवडी हवी. पुढच्या दाराला फायरवॉल आणि मागचे दार सताड उघडे, असा प्रकार सर्रास आहे.

दाराबरोबर घंटाही हवी. ही यंत्रे मुकी नसतात. यूपीएसची बॅटरी उतरली, पेटी तापली, वायर निसटली, कोणी दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, रात्री दोन वाजता कोणी सेटिंग बदलली, या सगळ्याची सूचना ती पाठवतात. त्यासाठी एसएनएमपी नावाची पद्धत १९८८ पासून आहे. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडा जातो आणि बहुतेक ठिकाणी तो ‘पब्लिक’ हाच असतो. ज्याने हे नाव ठेवले त्याच्या विनोदबुद्धीची दाद द्यावी लागेल. तिसऱ्या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली. नवे यंत्र घेताना तिसरी आवृत्ती चालू करून मागावी.

सूचना येतात, त्या वाचतो कोण, हा खरा पेच आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. महावितरणची देखभालही बहुधा त्याच दिवशी. वीज गेली की प्रत्येक स्विच, प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक यूपीएस ओरडू लागतो. मालकाच्या मोबाइलवर सकाळी साडेनऊला चाळीस संदेश. पहिल्या गुरुवारी तो घाबरतो, तिसऱ्या गुरुवारी वैतागतो, चौथ्या गुरुवारी आवाज बंद करून टाकतो. त्यानंतर एखाद्या गुरुवारी चाळिसांत एक संदेश असा येतो की अनोळखी माणसाने आत प्रवेश केला. तो कोण वाचणार?

मोठ्यांकडेही हेच घडते. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोरांनी आधी कोणाला गाठले? टार्गेटचे शीतकपाटांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराला. बिले आणि कामाचे कागद पाठवण्यासाठी टार्गेटने त्याला दिलेले लॉगिन त्यांनी पळवले. आम्हाला चाकणच्या कंपन्या देतात तसलेच. टार्गेटकडे महागडी इशारा यंत्रणा होती आणि ती वाजलीही. बंगळुरूत बसलेल्या पहारेकऱ्यांनी इशारा पाहिला, अमेरिकेतल्या मुख्य कचेरीला कळवला. पुढे कोणी हलले नाही. मे २०१४ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले.

सबब, घंटा कमी आणि कामाच्या असाव्यात असे आमचे मत आहे. वीज गेल्याची सूचना एक पुरे, चाळीस नकोत. नेटवाला ते करू शकतो, त्याला सांगणारा हवा. झोपेतून उठवणाऱ्या सूचना तीनच ठेवाव्यात: अनोळखी प्रवेश, अवेळी बदललेली सेटिंग आणि यंत्राचे अचानक गप्प होणे. तिसरीबद्दल थोडे सांगू. गल्लीतला गुरखा रात्री तासातासाला शिटी वाजवतो. शिटी ऐकून कोणी उठत नाही, ती ऐकू आली नाही तर जाणता माणूस उठतो. हुशार चोर आत आल्यावर आधी घंटेची वायर कापतो. म्हणून यंत्राने दर काही मिनिटांनी ‘ठीक आहे’ असे कळवत राहावे आणि ते कळवणे थांबले तर पलीकडच्याने फोन करावा, अशी व्यवस्था हवी.

यावर छोटा कारखानदार म्हणतो, एवढा खर्च मी कोठून करू? त्याचे म्हणणे खरे आहे आणि त्याला भित्रे उपदेश करून भागणार नाही. ओटीपी, पासवर्ड बदलणे, टेलनेट बंद करणे, यांस पैसा लागत नाही. परंतु चोवीस तास घंटा ऐकणारा माणूस एका शेडला परवडत नाही. मग गल्लीतल्या दुकानदारांनी नेहमी काय केले? वर्गणी काढून एक गुरखा ठेवला. चाळीस-पन्नास शेडनी मिळून एक पहाऱ्याची खोली का चालवू नये? पिंपरी-चिंचवड लघुउद्योग संघटना, चाकणची फेडरेशन, पुण्याचे मराठा चेंबर, यांनी मनावर घेतले तर अवघड नाही. रस्ते, वीज आणि सांडपाणी यांसाठी निवेदने देणाऱ्या संघटनांनी हा विषयही त्यांच्याच रांगेत बसवावा.

मोठ्या कंपन्यांनाही दोन शब्द. अलीकडे त्या वेंडरला सायबर सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवतात. ती इंग्रजीत असते. वेंडर ती नेटवाल्याकडे देतो, नेटवाला सगळीकडे ‘होय’ लिहितो, मालक सही करतो, कागद फाइलला लागतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्हाला बाजाराने शिकवली आणि इंग्रजी बिलांनी. आमच्यासारखे हजारो कारखानदार या पट्ट्यात आहेत. धंद्यात ते कोणाला हार जाणार नाहीत, पण तीस पानी प्रश्नावली त्यांच्या उपयोगाची नाही. एका पानावर मराठीत किंवा हिंदीत दहा कामे लिहून द्या, करून दाखवायला माणूस पाठवा आणि त्याचा खर्च नगामागे दरात धरा. दरवर्षी दर कमी करा म्हणायचे आणि पहारा मात्र वेंडरच्या खिशातून ठेवायचा, हा न्याय नव्हे. लाइन थांबली तर तुमचे नुकसान वेंडरच्या शंभरपट आहे.

आमच्या वाचकांत भंगाराचा धंदा करणारे बरेच आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील हजारो बांधकामे पाडली, तोवर या शहराचे बहुतेक भंगार तेथूनच जात असे. त्या कारवाईबद्दल स्वतंत्र लिहावे लागेल. येथे एवढेच की किलोवर विकत घेतलेल्या जुन्या राउटर-स्विचमध्ये जुन्या मालकाचे पासवर्ड आणि आत जाण्याच्या वाटा तशाच असतात. ईसेट या कंपनीने २०२३ मध्ये जुन्या बाजारातून १८ राउटर विकत घेऊन तपासले, तर निम्म्याहून अधिक राउटरमध्ये कंपन्यांची गुप्त माहिती शाबूत होती. आपल्या हाती आलेली दुसऱ्याची किल्ली ही अमानत आहे. पत्रा आणि तांबे वेगळे करण्यापूर्वी ते पुसून द्यावे, आणि पुसून दिल्याचा दाखला कंपनीला देऊन त्याचे पैसेही घ्यावेत. हा नवा धंदा आहे आणि आपल्या मुलांना तो जमण्यासारखा आहे.

कायद्याची माहितीही असू द्यावी. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढले. छोट्या उद्योगांना ते २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचे आहे, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि सर्व यंत्रांची घड्याळे सरकारी वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाची अट क्षुल्लक वाटते, पण राउटरचे घड्याळ पाच तास मागे असेल तर चोर रात्री आला की दुपारी, हेच पोलिसांना कळणार नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. हा क्रमांक, नेटवाल्याचा क्रमांक आणि तो नसेल तेव्हा येणाऱ्या दुसऱ्या माणसाचा क्रमांक खडूने नव्हे, रंगाने पेटीच्या दारावर लिहावा. आणि पेटीची किल्ली सुपरवायझरच्या खिशात न ठेवता ऑफिसात ठेवावी, कारण गुरुवारी सुपरवायझर गावी असतो.